एकेचाळीस आणि दहा

कव्हरचे बारा बोल्ट. शेवटचा तुटलाच.
मग काळं तेल घमेल्यात उतरलं,
आणि तो सडक्या अंड्यांचा वास.
कुत्री उठून शेडपलीकडे जाऊन बसली.
तेलात बोट घालून उन्हात धरलं:
चंदेरी कीस, पिठाहून बारीक.
विनेमकाच्या सगळ्या खेपा त्यात असणार.
बोट जीन्सला पुसलं.

ट्रक एक्काहत्तरचा, बापाने घेतलेला.
बेन्यात इरिगारे, एकोणिसाव्या वर्षी
समुद्रापलीकडून आला, आणि अकरा वर्षं
नेवाडाच्या या डोंगरांत
दुसऱ्याच्या मेंढ्यांमागे पायी हिंडला.
ट्रक घेताना विकणाऱ्याला म्हणाला म्हणे,
मेंढीच्या चालीने पुष्कळ झालं,
मला पळणारा दे.
त्याने पळणारा दिला.
क्राऊनला त्रेचाळीस दात, पिनियनला चौदा.
सपाटीवर वारा. चढावर म्हातारा.

आणि माझ्या वाट्याला आता चढच आहे.
वरच्या कुरणातला झरा आटला,
पाण्याची टाकी ओढून न्यायची, आठवड्यातून तीनदा.
क्लच जळतो. पहिल्या गिअरमध्येही धापा.
म्हणून ही नवी जोडी: एकेचाळीस आणि दहा.
वेग द्यायचा, जोर घ्यायचा.
हिशेब सोपा आहे.
बापाला सांगितला नाही.

तो शेडच्या दारात, खुर्चीवर.
मार्चमध्ये उजवा हात गेला, आणि शब्द.
एक ‘हो’ उरलाय,
आणि गावाकडची एक शिवी.

नव्या जोडीवर एकच नंबर कोरलेला, दोघांवरही.
कारखान्यातच एकमेकांवर घासून घेतलेले,
एक बिघडला तर दुसराही टाकायचा.
दातांना पिवळी लुगदी फासली, हळदीसारखी,
हाताने फिरवलं, ठसा पाहिला.
ठसा दाताच्या मधोमध पडायला हवा.
माझा खोल गेला.
बेअरिंग उपसलं, शिम बदलली, पुन्हा ठोकलं.
खोल.
पुन्हा उपसलं.
ऑर्विल टिबेट्सकडून मोजायचा डायल आणला होता,
एका कोकराच्या बोलीवर.
दातांमधली फट तो आठ हजारांश इंच दाखवत होता.
फट हवीच.
अगदी घट्ट बसवलेले दात तापतात, एकमेकांना खातात.
मला हे लग्नाआधी कोणी सांगितलं नव्हतं.

तिसऱ्यांदा खोल गेला तेव्हा
खुर्चीच्या हातावर टकटक झाली.
वाटलं, कॉफी हवी असेल. नको होती.
खुर्ची ओढत ट्रकखाली नेता येईल तिथवर नेली.
त्याने डावा तळहात हाउसिंगवर ठेवला,
मेंढीच्या पोटावर ठेवायचा तसा, आत किती आहेत बघायला,
आणि डोळे मिटले.
मी फिरवत राहिले.
त्याने शिवी दिली.
मग अंगठा आणि तर्जनी
माझ्या नाकासमोर धरून, जवळ आणली,
अजून जवळ,
मधून उजेडाची रेघ जाईल एवढी.

डब्यातली सगळ्यात पातळ शिम.
ठसा मधोमध पडला.
चोरट्यासारखी मी पुन्हा एकदा फिरवून पाहिलं.
तिथेच.

नवे दात पहिल्या दिवशी तापतात.
पंधरा मिनिटं चालवा, थांबा, गार होऊ द्या,
ओझं नको, असं पाकिटावर लिहिलेलं.
बापाला उचलून शेजारी बसवलं, पट्टा लावला,
आणि एल्कोच्या बाजूला निघालो.
मागून आवाज नाही. नुसती
गव्हाच्या पिठाच्या चक्कीसारखी दूरची घरघर.

स्पीडोमीटरला मात्र
मागे काय बदललंय ते कळलेलं नव्हतं.
काटा सत्तरवर. आम्ही बावन्नवर.
एक दुधाची गाडी आम्हाला सहज मागे टाकून गेली.
बाप तिच्याकडे बघतच नव्हता,
तो काट्याकडे बघत होता.
डाव्या हाताने, माझ्यावरून वाकून,
त्याने माझी खिडकी खाली करायला लावली.
वारा आत आला, जेवढा होता तेवढा.
‘हो,’ तो म्हणाला.

गिअरबॉक्समधलं ते प्लास्टिकचं चाक बदललं
की काटा खरं बोलतो.
बारा डॉलरला मिळतं.
अजून मागवलेलं नाही.